चौतीस हिश्श्यांचा मासा

मंगळवारी, २३ सप्टेंबर १९८६ रोजी सकाळी, प्रेमिला खोब्रागडेने गडचिरोलीहून कोसमघाटची एस.टी. धरली. मांडीवर दहा लिटरची काचेची बरणी होती, पायाशी फॉर्मॅलिनचा डबा. कंडक्टरने वास घेतला आणि तिकीट फाडता फाडता विचारले, "काय हाय हे?"

"मासा टिकवायचं औषध."

"अन् मासा कुठी हाय?"

"आनायलेच चालली."

कंडक्टरने मान हलवली. आदल्या दिवशी निरोप त्यानेच आणला होता. कोसमघाटच्या लहानूने त्याला फाट्यावर थांबवून सांगितले होते, "ऑफिसातल्या खोब्रागडे बाईले सांगजो, मोठी वाम भेटली. जिती हाय. लवकर या." निरोप पोचवताना त्याने त्यातला एकही शब्द गाळला नव्हता, आणि कोणाला पोचवतो आहोत हेही विसरला नव्हता. तरी त्या बरणीचा आणि त्या निरोपाचा संबंध त्याला आत्ता लागला.

प्रेमिला नागभीडची. वडील रेल्वेत पॉइंट्समन. नागभीड जंक्शनहून गाड्या चारी दिशांना जातात, पण तिथून निघून समुद्री जीवशास्त्रात एम.एस्सी. झालेली ती एकटीच. दोन वर्षे ती पूर्व किनाऱ्यावरच्या एका संशोधन संस्थेत होती. पहिले तीन महिने बोटीवर ओकण्यात गेले. उरलेल्या काळात तिने समुद्रातून नदीत चढणाऱ्या आणि नदीतून समुद्रात उतरणाऱ्या जिवांचा अभ्यास केला. मग संस्थेतल्या सरांनी तिला शिष्यवृत्ती देऊन परत पाठवले, ते थेट गडचिरोलीच्या मत्स्य ऑफिसात. समुद्र तिथून नदीच्या वाटेने सहाशे किलोमीटर. नागभीडला आईने शेजारणीला सांगितले, "पोरगी समुद्राचं शिकली, म्हणून सरकारनं तिले जंगलात पाठवलं."

काम मात्र समुद्राचेच होते. पुस्तकात ज्याला अहीर म्हणतात तो सापासारखा लांब, गुळगुळीत मासा खोल समुद्रात जन्मतो. काडीएवढी पिले गोदावरीच्या मुखातून वर चढतात, प्राणहितेत येतात, वैनगंगेत येतात आणि तिला मिळणाऱ्या नद्यांत शिरतात. मादी दहा-बारा वर्षे एखाद्या डोहात काढते. मग एका पुरात खाली निघते, समुद्रात जाऊन अंडी घालते आणि मरते. तो रस्ता तिला आयुष्यात दोनदाच लागतो, पण दोन्ही वेळा मोकळा लागतो.

वैनगंगेला मिळणाऱ्या कोसमी नदीवर आता बंधारा होणार होता. नकाशात तो उभ्या सिमेंटच्या भिंतीचा होता. प्रेमिलाचे म्हणणे एवढेच की भिंतीच्या एका कडेला खडबडीत दगडांचा उतार ठेवावा, त्यावरून थोडे पाणी वाहते असावे. पिले ओल्या दगडावरून चढतात, उभ्या सिमेंटवरून चढत नाहीत. आराखड्यावरच्या हरकती ऐकणारी समिती शुक्रवारी बसणार होती. समितीने तिला आधीच विचारून ठेवले होते, "हा मासा इथे आहे याला पुरावा काय?" किनाऱ्यावरच्या सरांनीही पत्रात तेच लिहिले होते. कोसमीइतक्या वर अहीर सापडल्याची नोंद नव्हती. "तिकडचे लोक प्रत्येक लांब माशाला वाम म्हणतात," असे त्यांचे वाक्य होते, आणि ते खरे होते. पाठीवर काटे असलेली साधी वाम प्रत्येक नाल्यात मिळते. ती समुद्राचे तोंडही बघत नाही.

म्हणून जूनमध्ये प्रेमिलाने कोसमीकाठच्या कोसमघाटात सभा घेतली होती. गाव तेहतीस घरांचे, बहुतेक ढीवर, म्हणजे मासेमार, नदीवर आणि तलावावर जगणारे. सभेत ती बोलली ते नागभीडच्या बोलीत नव्हे, शिकलेल्या, पुस्तकी मराठीत. तिने चार गोष्टी सांगितल्या. काटे नसलेली मोठी वाम मिळाली तर विकू नका. मी येईपर्यंत थांबा. डोक्यापासून शेपटापर्यंत त्यातले काहीही वाया जाता कामा नये. आणि चौथी, जी तिला सगळ्यात चांगली वाटली होती: हा मासा एकट्या पकडणाऱ्याचा नाही, तुम्हा सगळ्या गावाचा आहे.

कापू नका, हे तिने सांगितले नव्हते. प्रयोगशाळेत ते कोणी कोणाला सांगत नाही.

*

फाट्यापासून गाव वीस मिनिटे चालत. बरणी खांद्यावर आणि डबा हातात घेऊन ती चावडीपुढच्या अंगणात पोचली तेव्हा सगळे गाव तिथे बसले होते. मध्ये मोहाची पाने ओळीने मांडली होती. प्रत्येक पानावर एक तुकडा होता. तुकड्यांची कातडी पिवळसर, तिच्यावर काळपट ठिपके. काटे कुठेच नव्हते. शंकेला जागा नव्हती. तो अहीरच होता.

लहानू उठून पुढे आला. पंचेचाळिशीचा, जाळ्याच्या टोळीचा प्रमुख, बोलण्यात घाई नसलेला माणूस.

"या बाई. तुमच्यासाठीच थांबलो."

"लहानूभाऊ," प्रेमिला म्हणाली, "हे काय केलं?"

"तुमी सांगतलं तेच. इकली नाई. मासोळीच्या व्यापाऱ्याचा मानूस आल्ता काल, त्याले दाखवली बी नाई. रातभर ड्रमात नदीच्या पान्यात ठेवली, जिती. सकाळी गाडीचा हॉर्न आयकू आला तवा कापली. ताजी पाहिजे ना तुमाले."

"हॉर्न ऐकून कापली?"

"मंग? आंधी कापली असती तं माश्या बसल्या असत्या."

प्रेमिलाने बरणी खाली ठेवली.

"मले अख्खी पाहिजे होती, भाऊ."

"अख्खीच हाय ना. काई फेकलं नाई. आतडं बी धुवून वाटलं." त्याने पानांकडे हात केला. "तुमी म्हनलं, साऱ्या गावाची हाय. एका टोळीची असती तं आमी सहा जनांनी वाटून घेतली असती. गावाची म्हनलं का घरामागं एक हिस्सा. तेहतीस घरं. अन् तुमी एक. चौतीस."

तिने मोजले. चौतीस होते.

"सगळे तुकडे मले देता काय?" तिने विचारले. "मी जोडून नेतो."

लहानू जमिनीकडे बघत म्हणाला, "बाई, हिस्सा पडला."

पुढचे श्रीहरीने सांगितले. तो सत्तरीचा, तोंडात चार दात, आणि गावातला हिस्से पुकारण्याचा मान त्याचा. "पानावर हिस्सा पडला का मासा सरला. मंग ज्याचा हिस्सा त्यानंच उचलावं. ढिवरायची सोसायटी नव्हती तवा तलावाचा ठेकेदार पडल्या पानावरून उचलून ने. पयले चांगलं चांगलं उचले, मंग म्हने, आता वाटा. तवापासून कोनीच उचलत नाई. सरपंच बी नाई."

प्रेमिलाने दोन्ही हात पाठीमागे घेतले. ठेकेदार व्हायला ती आली नव्हती.

मग वाटणी झाली. श्रीहरी सगळ्यांकडे पाठ करून बसला. लहानूने एका पानावर काडी ठेवली आणि विचारले, "हा कोनाचा?" श्रीहरीने न बघता नाव घेतले. त्या घरचे माणूस उठले, पान उचलून बाजूला झाले. असे चौतीस वेळा. तुकडा लहान की मोठा यावरून कोणी बोलू शकत नाही, कारण नाव घेणाऱ्याने तुकडा पाहिलेला नसतो आणि काडी ठेवणाऱ्याला नाव माहीत नसते. प्रेमिलाने संशोधनात निष्पक्ष नमुना कसा घ्यावा यावर एक अख्खी परीक्षा दिली होती. यापेक्षा चांगली पद्धत तिच्या पुस्तकात नव्हती.

"हा कोनाचा?"

"समुद्राच्या बाईचा."

तिला पोटाकडचा तुकडा आला, चांगला जाड. मुंडके हिश्श्यात नव्हते. ते रिवाजाप्रमाणे पुकारणाऱ्याचे, म्हणजे श्रीहरीचे.

यानंतर प्रेमिलाने जे केले ते सवयीने केले. तिने बरणीत फॉर्मॅलिन ओतले, आपला तुकडा त्यात सोडला आणि झाकण लावले. नमुना हातात आला की पाच मिनिटांत औषधात गेला पाहिजे, हे तिच्या हाताला पाठ होते. वर पाहिले तेव्हा तीसेक माणसे हातात पान घेऊन तिच्याकडे बघत होती. मग ती आपापल्या घरी गेली.

*

बरणीकडे बघत ती चावडीच्या ओट्यावर बसली. मांस गेले तरी हाडे राहतात, हे तिला सुचायला फार वेळ लागला नाही. साध्या वामेच्या पाठीत नव्वदच्या आसपास मणके असतात, कधी अठ्ठ्याण्णव. अहीरला शंभराच्या वर. सगळे मणके मिळाले तर मोजता येतील. मुंडक्याची कवटी आणि जबडा मिळाला तर बाकीचे वाद मिटतील. शिजवल्याने हाड बिघडत नाही, उलट साफ निघते.

लहानू सरपण घेऊन जाताना दिसला. तिने त्याला सांगितले.

"हाडं? घेऊन जा ना. हाडाचं काय," तो म्हणाला आणि गेला.

अर्ध्या तासाने परत आला तेव्हा सरपण नव्हते आणि उत्साहही नव्हता. "बाई, हाडाचं जमून नाई राह्यलं."

"काऊन?"

"गिरजाबाई नाई म्हनते. ते नाई म्हनली का बाकीच्या बी नाई म्हनतात."

गिरजाबाई श्रीहरीची बायको. गावात कोणाच्या घरी काय शिजावे हे ती ठरवत नसे, पण कसे शिजावे हे तिला विचारल्याशिवाय होत नसे. प्रेमिला तिच्या दारात गेली. चुलीवर मुंडके शिजत होते. झाकणाच्या कडेने मिरची आणि आंबाडीचा वास येत होता.

"बसा," गिरजाबाई म्हणाली. पाट पुढे सरकवला नाही.

"माहं काई चुकलं काय, गिरजाबाई?"

"तुमचं कसं चुकन? तुमी शिकलेल्या." तिने चुलीतले लाकूड मागे ओढले. "आमचा बुडगा पाठ करून बसला, देवाचं नाव घेतल्यावानी तुमचं नाव घेतलं. हिस्सा देल्ला, गावाचा मानूस म्हनून. तुमी तो औषधात टाकला. माहे नातू पाहून राह्यले होते. मले इचारते, आजी, मासा बिमार हाय काय?"

"तो मले जपून ठेवाचा होता."

"ठेवा ना. कोन नाई म्हनते? पन आता तुमी हाडं मांगून राह्यल्या. आमी खाऊ, अन् आमच्या तोंडातले काढून तुमाले देऊ. ते उष्टं झालं ना, बाई. जे आमच्यासंग जेवलं नाई, त्यानं आमचं उष्टं काऊन नेवावं? लोक काय म्हनतीन? शिकलेल्या पोरीले ढिवरायनं उष्टं चारलं म्हनतीन."

उष्टे या शब्दावर तिच्या घरात दोन मते नव्हती. छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा तिच्या आजीने पहिली गोष्ट सोडली ती उष्टे आणणे. देव नंतर सोडले. आईने तिला लहानपणी शिकवलेले नियम तीन होते: शाळा बुडवायची नाही, खाली मान घालून बोलायचे नाही आणि कोणाचे उष्टे मागायचे नाही. पहिले दोन पाळून ती एम.एस्सी. झाली होती. आता ती एका चुलीपुढे बसून तेहतीस घरांची उष्टी हाडे मागत होती, आणि समोरची बाई त्याच नियमाने ती द्यायला नाही म्हणत होती.

"गिरजाबाई," ती शेवटी म्हणाली, "माहा जीव त्या हाडात अटकला हाय. शुक्रवारी कागद नाई गेला तं बंधारा उभा होते. मंग वाम येनंच बंद. हे जे आत्ता शिजून राह्यलं ते तुमच्या नातवायले दिसनार नाई. मी उष्टं मांगायले नाई आली. पन मांगायची दुसरी तऱ्हा मले येत नाई. तुमाले येत असन तं सांगा."

गिरजाबाईने झाकण काढून रस्सा ढवळला. चव घेतली. मीठ टाकले.

"उपाशी हा काय सकाळपासून?"

"हो."

"मंग त्यात एवढं काय. एका पंगतीतलं उष्टं नसते. सारे एका जागी बसू, तुमी बी बसा. पंगतीतली हाडं साऱ्यायची."

"पन माहा हिस्सा बरनीत हाय."

"ते तं दिसूनच राह्यलं." तिने शेवटी पाट पुढे सरकवला. "बुडग्याच्या मुंडक्यातलं देतो अर्धं. त्याले चार दात हायेत. त्याले अख्ख्या मुंडक्याचं काय काम?"

आतून श्रीहरी म्हणाला, "मले इचारलं काय कोनी?"

"नाई," गिरजाबाई म्हणाली.

*

ऊन उतरायच्या आत अंगणात पंगत बसली. प्रत्येक घराने आपला रस्सा आणि भात आपल्या भांड्यात आणला. प्रेमिलाला ओळीच्या मध्ये बसवले, लहानू आणि श्रीहरीच्या मधोमध. समुद्राकाठी दोन वर्षे तिने या जातीचे पंच्याऐंशी मासे कापले होते. चव कशी असते ते तिला माहीत नव्हते. मासा चरबीचा होता, गोडसर, आंबाडीबरोबर चांगला लागला. तिने दोनदा भात घेतला. श्रीहरी चघळता चघळता तिच्या पानाकडे बघत होता.

"खाल्ला ना आता?" त्याने विचारले.

"खाल्ला."

"कसा हाय?"

"चांगला हाय."

"मंग औषधात काऊन टाकला?" आणि अख्खी ओळ हसली. प्रेमिलाही हसली, कारण दुसरे काही करता येण्यासारखे नव्हते.

हाडे एका परातीत जमा झाली. तिने गरम पाण्यात उकळून, बोटांनी मांस काढून, मणके ओट्यावर दहा-दहाच्या ओळीत लावले. गाव बाजूला उभे राहून मोजत होते. तीस झाले तेव्हा शांत होते. साठला कुजबुज सुरू झाली. नव्वदला लहानूने बिडी विझवली.

शहाण्णव.

परातीत आता कवटीशिवाय काही नव्हते.

"साध्या वामेले किती असते म्हनलं?" लहानूने विचारले.

"अठ्ठ्याण्णवपर्यंत."

"मंग हे तं साधीच निंगाली."

"साधी नाई, भाऊ. तुमी कातडं पाह्यलं ना?"

"मी पाह्यलं. समितीनं नाई पाह्यलं."

चौकशी सुरू झाली. दोन घरांची हाडे कमी होती. एका घरात मांजराने पानच ओढून नेले होते. दुसऱ्या घरातली सून माहेरी बाळंत होती, म्हणून नवरा आपला हिस्सा पंगतीआधीच घेऊन सायकलने तिकडे गेला होता. गाव सत्तावीस किलोमीटरवर. लहानू म्हणाला, मी जातो. प्रेमिला म्हणाली, बाळंतिणीच्या पानातून हाड मागायला मी कोणाला पाठवणार नाही.

मग तिने बरणी उघडली. फॉर्मॅलिनने डोळ्यांत पाणी आले. आपला तुकडा काढून तिने पात्याने एका बाजूने चिरला, कातडी अख्खी ठेवली आणि आतले मणके मोजले. तीन. नव्व्याण्णव.

उरले मुंडके. श्रीहरीने आपल्या वाट्याची कवटी सगळ्यात शेवटी परातीत टाकली होती, इतकी साफ चोखून की ती उकळायची गरज पडली नाही. खालच्या जबड्यावर बारीक दातांचे पट्टे होते, खरखरीत, अहीरला असतात तसेच. प्रेमिलाने कवटी उलटी केली. मानेकडचे मणके तिला चिकटून राहिले होते. तिने सुईने एकेक सोडवला.

एक. दोन. तीन. चार.

"एकशे तीन," ती म्हणाली.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. श्रीहरी म्हणाला, "म्हनून म्हनतो, मुंडकं नेहमी पुकारनाऱ्यालेच द्यावं."

मणके तिने जाड दोऱ्यात ओवले. ते पाहून लहानू म्हणाला, "बाई, हे घेऊन गेल्या तं सायेब म्हनन, हार कोनासाठी आनला? हे एकाच माशाचे कायवरून? मी जंगल खात्यात मजुरी केली हाय. वाघानं बैल खाल्ला तरी बैल पाहून पैसे भेटत नाई. पंचनामा पाहून भेटते."

पंचनामा बुधवारी सकाळी झाला. मसुदा लहानूने सांगितला, प्रेमिलाने लिहिला. तो असा होता:

"आज रोजी आम्ही खाली सह्या व अंगठे करणारे पंच, राहणार मौजा कोसमघाट, विचारल्यावरून लिहून देतो की, सोमवारी कोसमी नदीत लहानूच्या जाळ्यात एक काटे नसलेली मोठी वाम मिळाली. लांबी साडेचार फूट. सदर वाम एकच होती. ती आमच्यासमक्ष कापली, तिचे चौतीस हिस्से केले, व आम्ही सर्वांनी एका पंगतीत बसून खाल्ली. दोन हिश्श्यांची हाडे मिळाली नाहीत, पैकी एक मांजराने नेला. बाकी हाडे आम्ही राजीखुशीने परत दिली. सदर मासा चवीला चांगला होता."

शेवटचे वाक्य प्रेमिलाने गाळले होते. गिरजाबाईने वाचायला लावले आणि ते परत घालायला लावले. खाली अकरा सह्या आणि बावीस अंगठे झाले.

*

शुक्रवारी समितीपुढे ती लहानूला घेऊन गेली. समितीत पाच जण होते, पण बोलत होते ते अभियंता गुणवंतराव. निवृत्तीला आठ महिने राहिलेले, कोरडे आणि नेमके गृहस्थ. त्यांनी दोरा हातात घेऊन मणके स्वतः मोजले. दोनदा. मग कवटीवरून बोट फिरवले, बरणीतली कातडी उजेडात धरून पाहिली आणि पंचनामा वाचायला घेतला. शेवटच्या वाक्यावर ते थांबले.

"मासा चवीला चांगला होता, हे कशासाठी?"

प्रेमिला काही बोलण्याआधी लहानू म्हणाला, "सायेब, खाल्ला नसता तं कसं सांगतलं असतं?"

गुणवंतरावांनी ते मान्य केले. "एक प्रश्न. खाली गोदावरीवर इंग्रजांच्या काळातला बांध आहे. तो ओलांडून तुमची पिले इथवर येतात. मग आमचाच बंधारा त्यांना का अडवेल?"

"तो बांध ठेंगणा आहे, उतरता आहे आणि दगडी आहे," प्रेमिला म्हणाली. "त्यावरून बाराही महिने कुठे ना कुठे पाणी झिरपते. तुमची भिंत अठरा फूट उभी आहे आणि कोरडी."

"भिंत कोरडी असणे हा भिंतीचा दोष नाही."

"नाही. म्हणून भिंत बदला असे मी म्हणत नाही. कडेला एक मीटरचा उतार मागते आहे."

गुणवंतरावांनी नकाशा पसरला. पेन्सिलीने उजव्या तीरावर एक तिरकी रेघ मारली, तिच्यावर बारीक गोल काढले आणि बाजूला लिहिले: "खडबडीत दगड. पाणी चालू ठेवणे." बाकी चौघांनी सह्या केल्या. त्यातल्या एकाने विचारले की एका माशासाठी एवढे कशाला. गुणवंतराव म्हणाले, "तेहतीस घरांनी लिहून दिले आहे. यापेक्षा कमी सह्यांवर मी पूल बांधले आहेत."

हाडे प्रेमिलाने मग किनाऱ्यावरच्या सरांकडे पाठवली. उत्तर महिन्याने आले. सरांनी हाडे तपासली होती. मासा अहीरच असावा असे त्यांचे मत होते. परंतु नमुना शिजवलेला असल्यामुळे, त्याचा पृष्ठभाग पूर्ण नसल्यामुळे आणि काही भाग मांजराने नेल्यामुळे संस्थेच्या नोंदीत तो घेता येत नव्हता. पुढचा अख्खा पाठवावा. तोवर कोसमी नदीत अहीर नाही.

ते पत्र घेऊन प्रेमिला कोसमघाटला गेली. उताराची बातमी तिने आधी सांगितली, पत्राची नंतर.

"शिजवलेला चालत नाई?" श्रीहरी म्हणाला. "मंग तिकडे कच्चाच खातात काय?"

लहानूने विचार केला होता. "बाई, पुढची भेटली तं आमी हिस्सा पाडत नाई. अख्खी तुमच्या बरनीत. तुमाले अख्खी पाहिजे होती, म्हनून काल बैठकीत ठरवलं. बुडग्यानं बी हो म्हनलं."

श्रीहरीने मान हलवली. मुंडक्यावर पाणी सोडणाऱ्याची मान जशी हलते तशी.

प्रेमिलाच्या पिशवीत पत्र होते. एक अख्खा मासा, आणि तिचे नाव संस्थेच्या नोंदीत कायमचे. पण यानंतर पुरात जाळ्याला लागेल ती अंडी घेऊन खाली निघालेली मादीच असेल. दहा-बारा वर्षे डोहात काढलेली. नकाशावरच्या त्या तिरक्या रेघेवरून चढायची पिले तिचीच.

"लहानूभाऊ, पुढची सोडून द्या," ती म्हणाली. "मापून घ्या, ठिपके पाहून घ्या, अन् जाऊ द्या खाली."

"सोडून?"

"हो."

"मंग तुमचा कागद?"

"राहू द्या."

कोणी काही बोलण्याआधी गिरजाबाई पुढे आली. "थांबा जरा. कोन सोडून राह्यलं?"

"मी म्हनून राह्यली."

"तुमी कशी सोडान? वाम साऱ्या गावाची. तुमीच सांगतलं. चौतीसात तुमचा हिस्सा एक. तो सोडा खुशाल. बाकी तेहतीस सोडाचे असन तं तेहतीस घरी जाऊन इचारा."

प्रेमिलाने लहानूकडे पाहिले. लहानूने हात वर केले.

तिने चपला काढल्या आणि पहिल्या घरापासून सुरुवात केली. पहिले घर श्रीहरीचे. तो तोपर्यंत अंगणातून उठून, मालक म्हणून, आपल्या दारात जाऊन बसला होता.

त्याने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाला, "इचार करून सांगतो."